वऱ्हाडचा दावा आणि अमेरिकेचे न्यायासन

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन, देणगीदारांची नामावली, वधूवरांची माहिती आणि दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली यांबरोबरच एखादा इतिहासविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. यंदा तो लिहिण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; सारी हयात शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. कायद्याची पदवी आमच्यापाशी नाही. तरीही इतिहास शिकविताना जो प्रश्न वर्षानुवर्षे मनात घोळत राहिला, तो ज्ञातिबांधवांपुढे मांडावा असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे.

विषय निवडताना आम्ही थोडे दूर गेलो आहोत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेची संघीय न्यायव्यवस्था आणि तिचे काही निकाल, हा तो विषय होय. अमरावती-अकोल्याच्या स्मरणिकेत अमेरिकेचे काय काम, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, त्याच काळात आपल्या वऱ्हाडावर दोन सरकारांचा दावा होता आणि तो दावा ऐकणारे न्यायासनच अस्तित्वात नव्हते. अशा प्रकारचा दावा अमेरिकेत कसा ऐकला जाई हे समजले, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला काय आले नाही हे ध्यानात येते.

वऱ्हाड कोणाचे?

वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले ‘इंग्रजांचे’ म्हणत आणि निम्मी ‘निजामाचे’ म्हणत. दोन्ही उत्तरे बरोबर होती, आणि हेच वऱ्हाडचे दुखणे होते. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च निजाम सरकारकडे थकला, म्हणून मे १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हा मुलूख कंपनी सरकारच्या कारभारात देण्यात आला. मुलूख दिला, परंतु राज्य दिले नाही. स्वामित्व निजामाचे आणि वहिवाट कंपनीची, अशी ती व्यवस्था होती. आपल्याकडील शेतकऱ्याच्या भाषेत बोलावयाचे तर ते ताबेगहाण होते.

१८५७ च्या धामधुमीत निजामाने इंग्रजांस साहाय्य केले. त्याची भरपाई म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत करण्यात आले आणि पन्नास लाख रुपयांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. त्या तहात एक कलम असे होते की, वऱ्हाडच्या वसुलातून खर्च वजा जाता जी शिल्लक राहील ती निजामास द्यावी, परंतु जमाखर्चाचा हिशेब मात्र निजामाने मागू नये. गहाणाच्या शेताची वहिवाट करणारा सावकार ‘शिल्लक देईन, पण हिशेब विचारू नका’ असे लिहून घेऊ लागला, तर कोणता कुळवाडी समाधानाने घरी जाईल?

या काळात वऱ्हाडचे सरकारी नाव ‘हैदराबाद ॲसाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे होते. १८७० मध्ये सर आल्फ्रेड लायल यांनी सिद्ध केलेले या प्रांताचे गॅझेटिअर याच नावाने निघाले. आरंभी बुलढाणा व हिंगोली ही कारभाराची ठाणी होती. १८५७ नंतर पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावती आणि पश्चिम वऱ्हाडचे अकोला असे ठरले. आपल्या या दोन शहरांचे महत्त्व तेव्हापासून वाढले. कारभारावर देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटाची असे. वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानाचा भाग नसल्यामुळे तेथील कायदेसुद्धा येथे आपोआप लागू होत नसत. गव्हर्नर-जनरलने हुकूम काढून ते लागू करावयाचे, अशी रीत होती. मुंबईस १८६२ पासून सनदी उच्च न्यायालय होते. वऱ्हाडात त्याच्या जागी ज्युडिशियल कमिशनर नावाचा एक अधिकारी असे. जिल्ह्यात डेप्युटी कमिशनर साऱ्याची वसुली पाही आणि मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी अधिकारही चालवी. वसुली करणारा हात आणि शिक्षा सांगणारे तोंड एकाच अंगाचे होते.

अमेरिकेची तऱ्हा

आता अमेरिकेकडे वळू. १७८७ मध्ये तेथील पुढाऱ्यांनी जी राज्यघटना लिहिली, तिच्या तिसऱ्या अनुच्छेदात न्यायसत्ता एका सर्वोच्च न्यायालयात व काँग्रेस वेळोवेळी स्थापील त्या खालच्या न्यायालयांत ठेवली. न्यायाधीशाचे वर्तन चांगले असेतोवर त्यास पदावरून काढता येत नाही, आणि तो पदावर असता त्याचे वेतन कमी करता येत नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येक घटकराज्याची स्वतःची न्यायालये निराळी, संघाची निराळी. आणि जेव्हा एखादे राज्यच पक्षकार असेल, तेव्हा तो दावा थेट सर्वोच्च न्यायालयापुढे चालावा, अशीही तरतूद त्या अनुच्छेदात आहे. या शेवटच्या तरतुदीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

१८६१ ते १८६५ या यादवी युद्धानंतर या व्यवस्थेचा विस्तार झाला. १८६९ च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची संख्या नऊ ठरली आणि देशाच्या नऊ विभागांसाठी, म्हणजे ‘सर्किटां’साठी, एकेक निराळा न्यायाधीश नेमण्यात आला. १८७५ मध्ये असे ठरले की, संघाची घटना, संघाचा कायदा किंवा तह यांवर आधारलेला मोठ्या रकमेचा दावा संघाच्या न्यायालयात आणता यावा. त्या काळी लोहमार्ग वाढत होते, कारखाने उभे राहत होते आणि व्यापार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. त्यामुळे दाव्यांचा पूर आला. १८९० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे अठराशेहून अधिक प्रकरणे तुंबून राहिली होती. नऊ न्यायाधीशांनी ती कधी निकालात काढावीत? म्हणून मार्च १८९१ च्या कायद्याने नऊ विभागांत नऊ अपील न्यायालये स्थापन झाली, आणि बहुतेक अपिले तेथेच संपू लागली. खाली जिल्हा न्यायालय, मध्ये अपील न्यायालय आणि शिखरावर सर्वोच्च न्यायालय, हा आजचा अमेरिकन सांगाडा त्या कायद्यातून उभा राहिला. आपल्याकडे अचलपूरचा दावा अमरावतीस, अमरावतीचा नागपूरास आणि नागपूरचा दिल्लीस जातो, तशीच ही चढण समजावी.

दोन राज्ये एका न्यायासनापुढे

यादवी युद्ध सुरू झाल्यावर व्हर्जिनिया राज्य संघातून फुटले. त्याच्या पश्चिम भागातील लोकांना फुटणे मान्य नव्हते. त्यांनी १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य स्थापिले. बर्कली व जेफरसन हे दोन जिल्हेही मतदान घेऊन नव्या राज्यात घालण्यात आले. युद्ध संपताच व्हर्जिनियाने म्हटले की, मतदान रीतसर झाले नाही, आमची संमती आम्ही काढून घेतली आहे, आमचे दोन जिल्हे परत द्या. ज्या दोन राज्यांचे शिपाई नुकतेच एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, ती राज्ये पक्षकार होऊन सर्वोच्च न्यायालयापुढे उभी राहिली. १८७१ मध्ये निकाल लागला आणि दोन्ही जिल्हे वेस्ट व्हर्जिनियाकडे राहिले. तीन न्यायाधीशांनी भिन्न मत नोंदविले. तथापि बहुमताचा निकाल व्हर्जिनियाने मानला.

पुढे कर्जाचा प्रश्न निघाला. एकत्र असताना जे सार्वजनिक कर्ज झाले होते, त्याचा वाटा नव्या राज्याने किती उचलावा? हा वाद विसाव्या शतकात न्यायालयापर्यंत गेला. तेथे जुने जमाखर्च तपासले गेले, वाटा ठरला, व्याज आकारले गेले, आणि १९१५ मध्ये सुमारे एक कोटी चोवीस लाख डॉलर देण्याचा हुकूम वेस्ट व्हर्जिनियावर झाला. त्या राज्याने पुष्कळ टाळाटाळ केली, परंतु अखेर पैसे दिले.

आता याच्या शेजारी वऱ्हाडचे प्रकरण ठेवून पाहावे. मुलूख कोणाचा आणि हिशेब किती, हेच दोन प्रश्न येथेही होते. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला. फौजेच्या खर्चासाठी रोख तारण ठेवण्याची तयारी दाखविली. १८७६ मध्ये ते स्वतः विलायतेस जाऊन आले. तथापि त्यांच्या पदरी काही पडले नाही. १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढे नोव्हेंबर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत नवा करार झाला. त्यान्वये वर्षास पंचवीस लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारने घेतले, आणि ऑक्टोबर १९०३ पासून त्याचा कारभार मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला. ताबेगहाणाचा आता कायमचा पट्टा झाला.

१९२३ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी हा प्रश्न पुन्हा काढला. त्रयस्थ मंडळाकडून चौकशी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. त्यावर मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी जे उत्तर पाठविले, ते हिंदुस्थानच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सत्ता येथे सर्वश्रेष्ठ आहे, कोणाही संस्थानिकास तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, आणि एकदा निर्णय झालेला विषय पुन्हा उघडता येणार नाही, असा त्याचा आशय होता. हे उत्तर देणारे गृहस्थ हिंदुस्थानात येण्यापूर्वी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते! न्यायाधीशाने आपल्या स्वतःच्या दाव्यात बसू नये, हे तत्त्व ज्यांनी आयुष्यभर न्यायासनावरून पाळले असेल, त्यांनाच राज्यकर्त्याच्या खुर्चीवरून सांगावे लागले की, पक्षकारही आम्हीच आणि न्यायाधीशही आम्हीच. यात व्यक्तीचा दोष थोडा, व्यवस्थेचा फार.

आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. व्हर्जिनियाच्या वादात त्या दोन जिल्ह्यांतील लोकांनी मत दिले होते की नाही, आणि ते कितपत खरे मानावे, हा वादाचा मुद्दा तरी होता. वऱ्हाडच्या पत्रव्यवहारात पन्नास वर्षे निजाम बोलले आणि इंग्रज बोलले. अकोल्याच्या वा मेळघाटच्या रयतेस १८५३ मध्येही कोणी विचारले नाही आणि १९०२ मध्येही विचारले नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर कायदेमंडळाच्या निवडणुका आल्या, तेव्हादेखील वऱ्हाडचा प्रतिनिधी निवडून आल्यावर त्याची सरकारने रीतसर ‘नेमणूक’ करावी लागे. कारण वऱ्हाड कायद्याने परमुलूख होता.

कापसाचा बाजार आणि धान्याची कोठारे

केवळ राज्याराज्यांच्या भांडणातच न्यायालयाचे महत्त्व असते, असे नव्हे. शेतकऱ्याच्या मालाशीही त्याचा संबंध येतो. अमेरिकेतील शिकागो शहरात आजूबाजूच्या प्रदेशातील गहू व मका मोठमोठ्या यांत्रिक कोठारांत साठविला जाई. कोठारवाले मूठभर आणि शेतकरी असंख्य. त्यामुळे भाडे मनास येईल तसे आकारले जाई. शेतकऱ्यांनी चळवळ केली. इलिनॉय राज्याने १८७१ मध्ये कायदा करून भाड्यास मर्यादा घातली. मन आणि स्कॉट या कोठारवाल्यांनी तक्रार केली की, आमच्या खाजगी मालमत्तेत राज्याने हात घातला. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जी मालमत्ता सर्व जनतेच्या उपयोगाच्या धंद्यात घातली आहे, तिच्यावर जनतेच्या हितासाठी नियंत्रण घालण्याचा राज्यास अधिकार आहे. ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या नावाने हा निकाल ओळखला जातो.

आता आपला कापूस पाहा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. अमरावती, अकोला, खामगाव येथील बाजार भरभराटीस आले. परंतु रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविणारे दलाल, मनमानी कडता कापणारे अडते, आणि मापात मारणारे मापारी यांच्यापुढे गाडी घेऊन आलेला शेतकरी लाचार होई. वऱ्हाड यात स्वस्थ बसले नाही. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियमांखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजार जाहीर करणे, त्यावर समिती नेमणे, दलाल व मापारी यांस परवाने देणे, या गोष्टी त्या कायद्याने सुरू झाल्या. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ येथून मानला जातो. १९२७ च्या मुंबई इलाख्यातील कापूस बाजार कायद्याच्या आधी तीस वर्षे आपल्या वऱ्हाडाने ही वाट पाडली, याचा प्रत्येक वऱ्हाडकरास अभिमान वाटावा.

तरी भेद दिसतोच. इलिनॉयचा कायदा लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाने केला आणि तो घटनेस धरून आहे की नाही हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उघडपणे तपासले. वऱ्हाडचा कायदा चांगला होता, परंतु तो वरून आलेला हुकूम होता. तो वाईट असता, तर घटनेच्या आधारे त्याची छाननी करील असे न्यायासन वऱ्हाडच्या शेतकऱ्यास उपलब्ध नव्हते. कारण घटनाच नव्हती.

न्यायालय असूनही

अमेरिकेचे सर्वच निकाल वाखाणण्यासारखे होते, असे मात्र कोणी समजू नये. १८८३ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, खाणावळी, नाटकगृहे व आगगाड्या यांत कृष्णवर्णीयांस मज्जाव करू नये असे सांगणारा संघाचा कायदा रद्द ठरविला. १८९६ मध्ये ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या दाव्यात गोऱ्यांसाठी व काळ्यांसाठी आगगाडीचे निराळे डबे ठेवणे घटनेस धरून आहे, असे सांगितले. डबे सारखे असले म्हणजे पुरे, वेगळे असल्याने कोणाचा अपमान होत नाही, असा युक्तिवाद बहुमताने मान्य केला. जस्टिस हार्लन या एकट्या न्यायाधीशाने विरुद्ध मत दिले. ज्या देशात पाणवठे आणि मंदिरे जातीने वाटली गेली होती, त्या देशातील वाचकास या युक्तिवादाचा पोकळपणा समजावून सांगण्याची जरुरी नाही. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य बांधवांस सत्याग्रह करावा लागला, हे आपण जाणतोच.

परंतु पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. हार्लन यांचे एकाकी मत निकालपत्रात छापलेले राहिले. ते वाचले गेले, त्यावर वाद झाले, आणि १९५४ मध्ये त्याच न्यायालयाने शाळांच्या बाबतीत हा वेगळेपणा घटनाबाह्य ठरविला. न्यायासन चुकले तरी ते उभे असेल तर चूक दुरुस्त होण्यास जागा राहते. अठ्ठावन्न वर्षे लागली, हे खरे. परंतु जेथे न्यायासनच नसते तेथे अठ्ठावन्न वर्षांनीही कोणाकडे जावयाचे?

आमच्या बाजूचेही एक उदाहरण देतो. १८९७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे मुहम्मद युसुफुद्दीन यांचे प्रकरण आले. निजामाच्या राज्यातील एका रेल्वे स्थानकावर, सिमल्याच्या मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावरून त्यांस पकडण्यात आले होते. निजामाने रेल्वेच्या हद्दीतील अधिकार इंग्रज सरकारास दिले होते, ते रेल्वेच्या कामापुरते. त्यांच्या आधारे भलत्याच प्रकरणात माणूस पकडता येणार नाही, असा निकाल प्रिव्ही कौन्सिलने दिला व ती अटक बेकायदा ठरविली. एका व्यक्तीस न्यायासन मिळाले, तेव्हा व्हाइसरॉयच्या सरकारचीही हद्द मोजली गेली. साऱ्या वऱ्हाडास मात्र ते मिळाले नाही.

अमरावतीहून दिल्लीपर्यंत

त्याच १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष सर सी. शंकरन् नायर हे मद्रासचे नामांकित वकील. पुढे ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हेही वकीलच. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर लोकमान्यांसाठी ते विलायतेपर्यंत धावले. अमरावतीचेच रंगनाथ नरसिंह मुधोळकर १९१२ मध्ये बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. न्यायखाते व कारभारखाते यांची फारकत करावी, ही मागणी राष्ट्रीय सभा त्या वेळी वर्षानुवर्षे करीत होती. वऱ्हाडच्या वकीलमंडळींस तिचे मर्म पुस्तकातून शिकावे लागले नाही. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत ते रोज दिसत होते.

१९३६ च्या जानेवारीत नागपूरास उच्च न्यायालय स्थापन झाले. १९३५ च्या कायद्याने १ ऑक्टोबर १९३७ पासून दिल्लीस संघीय न्यायालय सुरू झाले. प्रांत व केंद्र यांच्यातील वाद ऐकण्याचा अधिकार हिंदुस्थानातील एखाद्या न्यायालयास प्रथमच मिळाला. आणि योगायोग असा की, त्या न्यायालयाने दिलेला पहिला महत्त्वाचा निर्णय आपल्याच प्रांताविषयी होता. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल व वंगणाच्या किरकोळ विक्रीवर शेकडा पाच कर बसविला. हा उत्पादनकर असून तो आमच्या अधिकारात येतो, असे केंद्र सरकारचे म्हणणे होते. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शहा मुहम्मद सुलेमान आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर या तिघांनी प्रकरण ऐकले व प्रांताचा अधिकार मान्य केला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील निकाल आम्हांवर बंधनकारक नाहीत, पण जेथे ते लागू पडतील तेथे ते आदराने ऐकले जातील, असे ग्वायर यांनी सांगितले. अमेरिकेने घालून दिलेली वाट अशी वऱ्हाडापर्यंत येऊन पोहोचली. ज्या मुलखाचा स्वतःचा दावा कोणी ऐकला नव्हता, त्याच्या नावाने देशातील संघीय न्यायाची सुरुवात झाली.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या १३१ व्या अनुच्छेदाने केंद्र व राज्ये यांच्यातील आणि राज्याराज्यांतील कायदेशीर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतात. २००४ मध्ये महाराष्ट्राने बेळगाव सीमाभागाचा दावा याच अनुच्छेदाखाली कर्नाटकाविरुद्ध दाखल केला. मात्र संस्थानांच्या जुन्या तहांतून निघणारे वाद न्यायालयांनी ऐकू नयेत, असेही घटनेने सांगून ठेवले आहे. म्हणजे वऱ्हाडचा जुना दावा आज कोणी काढू म्हटले तरी तो ऐकला जाणार नाही. आणि त्याचे आता प्रयोजनही उरलेले नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले, नागपूरास मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले, आणि १ मे १९६० पासून आपण महाराष्ट्राचे झालो. गहाण, पट्टा, स्वामित्व, वहिवाट हे सारे शब्द इतिहासजमा झाले.

ज्ञातिबांधवांस एक सूचना

शब्द इतिहासजमा झाले तरी त्यांतील बोध शिल्लक आहे. राज्य लहान असो वा मोठे, संस्था लहान असो वा मोठी, माणसे एकत्र आली की मतभेद होणारच. मतभेद झाले म्हणून संघ मोडत नाही. मतभेद ऐकण्यास त्रयस्थ जागा नसली, म्हणजे तो आतून मोडतो.

आपल्या संस्थेच्या अमरावती व अकोला या दोन शाखांत वसतिगृहाच्या निधीवरून गेली काही वर्षे जी कटुता आली आहे, ती वाचकांस ठाऊक आहे. कोणाची बाजू खरी हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. परंतु आपल्या नियमावलीत असे एक कलम आहे की, शाखाशाखांतील व शाखा आणि मध्यवर्ती संस्था यांच्यातील वाद कार्यकारी मंडळाने मिटवावा. वाद जेव्हा कार्यकारी मंडळाच्याच एखाद्या निर्णयाविषयी असतो, तेव्हा या कलमाचा अर्थ काय होतो? लॉर्ड रीडिंग यांच्या पत्राहून तो फार निराळा होत नाही. मंडळावरील मंडळी सचोटीची आहेत, याविषयी आम्हांस शंका नाही. पण सचोटीच्या माणसासही स्वतःच्या दाव्यात निकाल देण्याच्या संकटात घालू नये.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, येत्या वार्षिक सभेत नियमावलीत दुरुस्ती करून तीन सभासदांचे कायम लवाद मंडळ नेमावे. त्यांतील कोणीही कार्यकारी मंडळावर नसावा. वाद अमरावती व अकोला यांच्यात असेल तर लवाद बुलढाण्याचे अथवा यवतमाळचे असावेत. मुदत संपेपर्यंत त्यांस काढता येऊ नये. दोन्ही बाजूंचे जमाखर्च त्यांच्यापुढे उघडे ठेवावेत. ‘हिशेब मागू नये’ हे १८६० चे कलम आपल्यात कोठेही नसावे. निकाल कारणांसह लिहून द्यावा, आणि एखाद्या लवादाचे मत भिन्न असल्यास तेही खाली लिहून ठेवावे. आज एकटे पडलेले मत उद्याच्या पिढीस उपयोगी पडते, हे आपण वर पाहिलेच आहे.

वसतिगृहात राहणारी मुले कोणत्या शाखेची, हे ती मुले विचारीत नाहीत. त्यांना दिव्याखाली जागा आणि दोन वेळचे जेवण हवे असते. वऱ्हाडच्या दाव्यात शंभर वर्षे दोन मालक बोलत राहिले आणि ज्यांच्यासाठी बोलावयाचे ती रयत गप्प राहिली. आपल्या घरात तसे न होवो, एवढीच इच्छा व्यक्त करून आणि लेखातील न्यूनाधिक्याबद्दल वाचकांची क्षमा मागून लेखणी खाली ठेवतो. इत्यलम्.